घड्याळावरची नावे



आजच्या विषयाची पाटी चौकात लागली तेव्हा एका स्नेह्यांनी मला रस्त्यातच थांबवले आणि म्हणाले, "गुरुजी, घड्याळांवर तासभर बोलणार म्हणता, निवृत्तीनंतर दुरुस्तीचे दुकान काढता की काय?" दुकान काढण्याइतका माझा हात स्थिर राहिलेला नाही. पण जुने खिशातले घड्याळ किती वाजले याखेरीज आणखी पुष्कळ काही सांगते, आणि ते ऐकण्याच्या नादात माझी काही वर्षे गेली, एवढे मात्र खरे. त्या नादाचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडावा म्हणून उभा आहे. ज्या घड्याळापासून हे सारे सुरू झाले ते मी बरोबर आणलेले नाही. फक्त त्याचे छायाचित्र आणले आहे. त्याचे कारण ओघात येईलच.

माझे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या छोट्या गाडीवर गार्ड होते. आपल्यापैकी वयस्कांना ती अडीच फुटी रुळांची गाडी आठवत असेल. नागपूरहून नागभीडपर्यंत ती १९०८ साली आली आणि नागभीडहून चांदा फोर्टपर्यंत १९१३ साली. आजोबा वारले तेव्हा त्यांच्या मागे एक लोखंडी पेटी, एक शिटी आणि साखळीचे एक घड्याळ राहिले. घड्याळाविषयी आमच्या घरात एक कथा होती. एका पावसाळ्यात नाल्याला पूर आला, आजोबांनी वेळीच गाडी थांबवली, माणसे वाचली, आणि साहेबाने खूश होऊन स्वतःच्या हाताने हे घड्याळ त्यांना बक्षीस दिले. ही कथा आजीने सांगितली, आजीची आत्याने सांगितली आणि आत्याची मी, शाळेत, दरवर्षी, मुलांना. तेव्हा मी इतिहासाचा शिक्षक होतो हेही येथे कबूल केले पाहिजे.

घड्याळाच्या तबकडीवर इंग्रजीत 'वेस्ट एंड वॉच कंपनी' असे नाव आणि त्याखाली मुंबई व कलकत्ता ही दोन गावे आहेत. मी सरळ समजलो की हे घड्याळ मुंबईत तयार झाले. घड्याळाच्या बाबतीत नव्वद टक्के लोक येथेच फसतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही; कारण ज्याचे नाव वर त्याचा माल, अशी आपली साधी समजूत असते. वस्तुतः तबकडीवरचे नाव बहुधा विकणाऱ्याचे असते. ही वेस्ट एंड कंपनी मूळ स्वित्झर्लंडातील सेंट इमिए या गावच्या घड्याळवाल्यांनी उभी केली. १८८० नंतरच्या दशकात त्यांनी मुंबईत बस्तान बसवले आणि हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकासाठी तिकडच्या कारखान्यांतून यंत्रे करवून आणली. त्याच गावातल्या लाँझीनसारख्या नामांकित कारखान्याची यंत्रेही त्यांच्या नावाखाली इकडे आली. फाव्र-ल्यूबा या दुसऱ्या स्विस घराण्याचा माणूस त्याही आधी, १८६५ साली, हिंदुस्थानात येऊन पोचला होता. मद्रासेत पी. ऑर, कलकत्त्यात कुक अँड केल्वी अशा मोठ्या पेढ्या होत्या. या सर्वांची नावे तुम्हाला तबकड्यांवर भेटतील, पण त्यांपैकी कितीएकांनी घड्याळाचे एक चाकही स्वतः कापलेले नसेल.

म्हणजे घड्याळ वाचायचे तर ते तीन ठिकाणी वाचावे लागते. तबकडीवर विकणारा बोलतो. आत, यंत्राच्या पितळी पत्र्यावर, करणारा बोलतो. कधी नावाने, कधी नुसत्या आकड्याने, कधी एका लहानशा क्रुसाशेजारच्या पेटंट क्रमांकाने. स्वित्झर्लंडात पेटंटचा कायदा १८८८ साली अमलात आला, त्यामुळे तसा क्रमांक असेल तर यंत्र त्यापूर्वीचे नव्हे एवढे तरी ठरते. लाँझीनच्या कारखान्याने १८६७ पासूनच्या हस्तलिखित वह्या जपून ठेवल्या आहेत. यंत्रावरचा आकडा कळवला तर ते घड्याळ कोणत्या साली कोणत्या व्यापाऱ्याच्या नावे बाहेर पडले हे तिकडून कळू शकते. दीडशे वर्षांच्या वह्या! आपल्याकडे शाळेच्या दाखल्यांची वह्या वाळवीने खाल्लेली असते, आणि तिकडे एका परक्या मुलखात विकलेल्या घड्याळाची नोंद शाबूत असते; असो. तिसरे बोलते ते झाकण. पण त्याकडे वळण्यापूर्वी थोडे लांब जावे लागेल, थेट अमेरिकेत.

एप्रिल १८९१ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात किप्टन नावाच्या लहानशा ठाण्याजवळ एक टपालगाडी आणि एक उतारूंची गाडी समोरासमोर आदळल्या. एका कर्मचाऱ्याचे घड्याळ मध्येच चार मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते, आणि ते त्याच्या ध्यानात आले नव्हते, असे या अपघाताविषयी सांगतात. तिकडे एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या मुख्यत्वे वेळापत्रकाच्या आणि लेखी हुकमांच्या भरवशावर चालत. अमुक ठाण्यावर अमुक वाजेपर्यंत थांब, तोवर समोरची गाडी येऊन जाईल, असा कारभार. त्यात चार मिनिटांची चूक म्हणजे मरणच. या अपघातानंतर रेल्वेने क्लीव्हलँड गावच्या वेब बॉल नावाच्या जवाहिऱ्याला बोलावून त्याच्याकडे सर्व घड्याळांच्या तपासणीचे काम सोपवले. त्याने घातलेली शिस्त मोठी कडक होती. तबकडी उघडी, आकडे ठळक, आठवड्याला तीस सेकंदांपेक्षा अधिक फरक नाही. आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गार्ड-ड्रायव्हरने आपले घड्याळ नेमलेल्या तपासनिसाला दाखवून कार्डावर त्याची सही घ्यायची.

हे तपासनीस कोण? तर लाइनीवरच्या लहानलहान गावांतले सराफ आणि घड्याळवाले. गावात दागिने विकायचे आणि रेल्वेची घड्याळे तपासायची. पुष्कळदा नवे घड्याळही त्यांच्याकडूनच घ्यायचे, आणि ते घड्याळ तबकडीवर त्यांचेच नाव घालून मागवलेले असे. म्हणून तिकडच्या जुन्या रेल्वे-घड्याळांवर ज्यांचे नाव इतिहासात कुठेही नाही अशा माणसांची नावे सापडतात, आणि ती माणसे हुडकून काढणारे हौशी लोक आहेत. ते गावाच्या जुन्या पत्तेवह्या चाळतात, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती पाहतात. आणि रेल्वे आपल्या नोकरांसाठी जी वेळापत्रके छापी, त्यांत त्या त्या गावच्या तपासनिसांची यादीच दिलेली असे, ती मिळवतात. नाव, गाव आणि साल जुळले की एक हरवलेला दुकानदार पुन्हा आपल्या दुकानात येऊन बसतो.

हे वाचले तेव्हा मला वाटले, आपल्याकडेही असेच असणार. चांद्याचा कोणी सराफ असेल, वरोऱ्याचा कोणी घड्याळजी असेल, त्यांची नावे घड्याळांवर असतील. मी दोन वर्षे ती नावे शोधत होतो. वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंतचा फाटा कोळशासाठी १८७० नंतरच्या दशकात आला. त्या काळापासूनचे काही तरी हाती लागेल अशी आशा होती. लागले काहीच नाही. कारण उशिरा उमगले, आणि ते समजल्यावर माझा शोध योग्य वाटेला लागला.

आपल्याकडे गाडी घड्याळाच्या भरवशावर सुटत नव्हती. पुढच्या स्टेशनाने तारेने 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय मास्तर गाडी सोडत नसे. पुढे यंत्रातून निघणारा लोखंडी गोळा आला. तो गोळा ड्रायव्हरच्या हाती असेल तरच त्या टप्प्यावर गाडी जाणार, आणि एका वेळी एकच गोळा बाहेर निघणार. लहानपणी धावत्या गाडीतून वेताच्या कड्यात अडकवलेला तो गोळा झेलताना आपण पाहिलेला आहे. त्यामुळे गार्डाचे घड्याळ चार मिनिटे चुकले तर वहीत नोंद चुके, उशिराचा जाब द्यावा लागे, पण दोन गाड्या सहसा एकमेकींवर येत नसत. म्हणून येथे प्रत्येक गावी जवाहिऱ्याला तपासनीस नेमण्याची गरज पडली नाही. घड्याळ रेल्वेचे, त्यावर रेल्वेची आद्याक्षरे आणि क्रमांक, आणि नोकरी संपली की ते परत करायचे. आपल्या घड्याळांवर तपासनिसाचे नाव का नाही, याचे उत्तर हे.

मग रेल्वेच्या घड्याळात वेळ तरी कोणती होती? हाही एक मजेदार प्रकार आहे. सूर्य डोक्यावर आला म्हणजे बारा, हा जुना हिशेब धरला तर गडचिरोलीचे बारा चांद्याच्या सुमारे तीन मिनिटे आधी वाजायचे. रेल्वेला असे गावोगावचे बारा परवडेनात. म्हणून तिने मद्रासची वेळ धरली, कारण तेथे वेधशाळा होती आणि मुंबई-कलकत्त्याच्या भांडणात मद्रास मधले पडे. ती वेळ आपल्या चांद्याच्या सूर्यापेक्षा फक्त चार मिनिटे पुढे. १ जानेवारी १९०६ पासून हल्लीची प्रमाणवेळ आली आणि रेल्वेची घड्याळे नऊ मिनिटांनी पुढे सरकली; तेव्हापासून आपण सूर्याच्या सुमारे तेरा मिनिटे पुढे आहोत. मुंबईकरांना मात्र एकोणचाळीस मिनिटे पुढे जावे लागत होते, म्हणून त्यांनी मोठी आरडाओरड केली, आणि मुंबईची जुनी वेळ तेथे कुठेकुठे १९५५ पर्यंत टिकून राहिली. आपल्याकडे कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. चांद्याच्या उन्हात दुपारचे बारा तेरा मिनिटे उशिरा वाजले काय नि लवकर वाजले काय!

उन्हाचे निघालेच आहे म्हणून सांगतो. घड्याळातले दोलनचक्र उष्णतेने फुगते, त्याची बारीक कमान ढिली पडते आणि घड्याळ मागे पडू लागते. त्यावर उपाय म्हणून पितळ आणि पोलाद जोडून ते चक्र करीत. अमेरिकेतली चांगली रेल्वे-घड्याळे सुमारे शंभर अंश फॅरनहाइटपर्यंत कसाला लावीत, असे सांगतात. शंभर म्हणजे आपले अडतीस. तेवढे येथे मार्चातच होते! मे महिन्यात नागभीडच्या फलाटावर उभ्या असलेल्या गार्डाच्या कोटातले घड्याळ काय सोसत असेल याची कल्पना करा. तेल सुकायचे, धूळ आत जायची, आणि मग ते घड्याळ घड्याळजीच्या टेबलावर यायचे. येथे मी झाकणाकडे वळतो.

घड्याळजी घड्याळ साफ करतो तेव्हा झाकणाच्या आतल्या अंगाला, टोकदार सुईने, सहज दिसणार नाही अशी एक खूण कोरतो. आपले अक्षर, वहीतला क्रमांक, कधी महिना आणि साल. गिऱ्हाईक पुन्हा तक्रार घेऊन आले तर काम आपलेच की दुसऱ्याचे हे कळावे म्हणून. विलायतेपासून वडश्यापर्यंत ही रीत एकच. विकणाऱ्याचे नाव छापील असते, करणाऱ्याचे ठशाचे असते. हे मात्र हाताने लिहिलेले असते, आणि लिहिणाऱ्याला ते कोणी वाचील अशी अपेक्षा नसते. म्हणून मी या खुणेवर सगळ्यांत जास्त विश्वास ठेवतो. बाजारात हल्ली जुन्या तबकड्या नव्याने रंगवून, पाठीवर रेल्वेची अक्षरे कालपरवा कोरून पुष्कळ घड्याळे विकायला येतात. जुन्या कोरीव अक्षराच्या कडा हाताने झिजून मऊ झालेल्या असतात आणि खाचेत काळा मळ घट्ट बसलेला असतो; नव्या कडा बोटाला लागतात. आणि कृपा करून घरचे घड्याळ चकाकीसाठी कोणाकडे घासायला देऊ नका. आमच्या एका नातलगांनी तसे दिले. घड्याळ आरशासारखे होऊन आले आणि पाठीवरचा क्रमांक कायमचा गेला.

आता आमचे घड्याळ. आत्या ते कोणाला उघडू देत नसे. बऱ्याच मिनतवारीने तिने ते माझ्या हाती दिले आणि मी ते एका घड्याळजीकडून उघडवले. पाठीचे झाकण निघाले, त्याखाली दुसरा पत्रा होता, आणि त्यावर अक्षरे होती, 'जी. आय. पी. आर.', आणि एक चार आकडी क्रमांक.

ही अक्षरे वाचून मी चमकलो. चांद्यात दोन स्टेशने होती हे तुम्हाला सांगायला नकोच. मोठ्या लाइनीचे स्टेशन जी. आय. पी.चे आणि चांदा फोर्ट बंगाल-नागपूरचे. गाव एक, मालक दोन. माझ्या आजोबांनी उभी हयात फोर्टाच्या बाजूला काढली. मग बंगाल-नागपूरचा साहेब आपल्या गार्डाला जी. आय. पी.चे घड्याळ बक्षीस कशाला देईल? शिवाय त्या क्रमांकावरून एक आडवी रेघ ओढलेली होती.

मी लोखंडी पेटी पुन्हा उपसली. तळाशी निवृत्तीच्या वेळचा एक कागद निघाला, मे १९३७ चा. आजोबांनी परत केलेल्या सामानाची ती यादी होती: लाल झेंडा एक, हिरवा झेंडा एक, हातकंदील एक, रुळावर लावायच्या फटाक्यांचा डबा एक, आणि घड्याळ एक. खाली आजोबांची सही, मोडी वळणाची. शिटी यादीत नव्हती, म्हणून ती आमच्याकडे राहिली असावी. घड्याळ परत गेले होते. तेव्हा घरात होते ते घड्याळ दुसरेच.

झाकणाच्या आत तीन खुणा होत्या. दोन इंग्रजी अक्षरांत, वेगवेगळ्या हातच्या. तिसरी देवनागरीत: 'चां', आणि त्यापुढे '१०।३७'. ती घेऊन मी चंद्रपुरातली घड्याळाची दुकाने पालथी घातली. बहुतेक ठिकाणी आता बॅटऱ्या बदलतात, मोबाइल दुरुस्त करतात. शेवटी ऐंशीच्या घरातले एक घड्याळजी भेटले. त्यांनी भिंग डोळ्याला लावले, झाकण दिव्याखाली धरले, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, हे आमच्या बाबांच्या हातचं आहे. ते 'चां'चा कानाच तसा मारायचे." रेघेचे विचारले तर म्हणाले, रेल्वेचा बाद माल लिलावात निघायचा, त्यावर अशी रेघ असायची, बाबा तो घ्यायचे, नीट करायचे आणि विकायचे. तुमच्या आजोबांनी ते पाच-सहा रुपयांना घेतले असेल किंवा हप्त्याने घेतले असेल. वह्या होत्या, त्या एका पुरात गेल्या.

मेमध्ये घड्याळ परत केले, ऑक्टोबरात दुसरे घेतले. मधले पाच महिने आजोबा खिसा चाचपत असतील. चोवीस वर्षे दर स्टेशनावर घड्याळ काढून पाहिलेला हात. त्याला सवय थोडीच सुटते? मिळाले ते दुसऱ्या रेल्वेचे टाकून दिलेले, पण आकार तोच, वजन तेच. तबकडीवर नाव नावाजलेल्या कंपनीचे. पुराची गोष्ट खोटी होती असे मी म्हणत नाही. नाला आहे, पूर येतात, आणि आजोबा गाडी थांबवणारे गृहस्थ होते. बक्षिसाचा भाग तिला केव्हा आणि कोणी जोडला, त्यांनी स्वतः की आजीने, हे कोणत्याही झाकणावर कोरलेले नाही.

प्रश्न उरला आत्याला सांगायचे की नाही. तिला नव्वद पुरी झालेली. माझ्या मुलीने सांगितले, कशाला बोलता, त्यांच्यासाठी ते बक्षीसच राहू द्या. दोन महिने मी गप्प राहिलो. पण मग असे वाटू लागले की, ज्या माणसाने आपल्या पैशाने, गरज नसताना, केवळ सवयीच्या प्रेमाखातर घड्याळ घेतले, त्याची ती खरेदी लपवून आपण साहेबालाच मोठे करतो आहोत. म्हणून एके दिवशी नागभीडला गेलो आणि तिला सगळे सांगितले: यादी, रेघ, 'चां', ऑक्टोबर.

तिने ऐकून घेतले. मग विचारले, "म्हणजे बाबांनी इकत घेतलं?"

मी म्हटले, "हो, आत्या."

"केवढ्याले?"

मी घड्याळजींचा अंदाज सांगितला. तिने तोंडातल्या तोंडात काही हिशेब केला. त्या वर्षी तिच्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले होते, एवढेच त्यातले मला कळले. मग तिने घड्याळ माझ्या हातातून घेतले, पदराने पुसले, जुन्या फडक्यात गुंडाळले आणि पेटीत ठेवून कुलूप लावले. म्हणाली, "आता उघडू नोको बापा."

म्हणून आज छायाचित्रच आणले आहे. ते पुढच्या रांगेपासून मागे पाठवतो. पाहून झाल्यावर व्यासपीठाकडे परत करावे. झाकणावरच्या पहिल्या दोन खुणा मोठ्या करून शेजारी काढल्या आहेत. त्यांपैकी दुसरीत इंग्रजी 'डब्ल्यू' आणि '२४' आहे. ती वर्ध्याची की वरोऱ्याची, की एखाद्या माणसाच्या आडनावाची, हे मला लावता आलेले नाही. सभागृहात जुन्या घड्याळजींच्या घराण्यातले कोणी असतील, किंवा कोणाच्या घरच्या झाकणावर तसेच अक्षर असेल, तर सभा संपल्यावर मला जरूर भेटावे. मी दारापाशी थांबतो.